वाचकांचे प्रश्न : फुप्फुसात बस्तान बसवलेले जिवाणू

गेल्या अंकातल्या ब्राँकिएक्टेसिसवरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. श्वासनलिका कायमच्या रुंद होतात, त्यांत कफ साठून राहतो आणि जंतू घर करतात, असा हा विकार. पत्रांतला सूर साधारण एकच आहे: औषध लागू पडतं म्हणतात, मग जंतू जात का नाही? निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. औषधांची जी प्रमाणं दिली आहेत ती समजण्यापुरती. त्यांवरून आपल्या औषधात परस्पर फेरफार करू नये.

प्रश्न : वडिलांच्या कफात सुडोमोनास निघाला. रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलं होतं. चौदा दिवस गोळ्या घेतल्या, ताप गेला, कफ कमी झाला. तीन महिन्यांनी पुन्हा तोच जंतू, आणि पुन्हा ‘सेन्सिटिव्ह’च. रिपोर्ट चुकीचा होता का?

रिपोर्ट चुकीचा असेलच असं नाही. तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्न वेगळा आहे. चाचणी कशी होते ते आधी पाहा. कफातून उगवलेली कॉलनी उचलतात, तिच्यातले ताजे, झपाट्याने वाढणारे जिवाणू मिलिलीटरला साधारण ५ लाख या प्रमाणात पातळ द्रावणात सोडतात आणि औषधाच्या किती प्रमाणाला वाढ थांबते ते बघतात. तिथे हवा भरपूर, खाणं भरपूर आणि लपायला जागा नाही.

श्वासनलिकेतल्या चिकट कफात मिलिलीटरमागे १० कोटी किंवा त्याहूनही जास्त जिवाणू असू शकतात. ते गठ्ठ्यागठ्ठ्याने, स्वतःच तयार केलेल्या बुळबुळीत आवरणात राहतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. कफाच्या आतल्या थरात प्राणवायू जवळजवळ नसतो, कारण तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी तो आधीच वापरून टाकतात. अशा ठिकाणी जिवाणू हळूहळू वाढतात, काही तर वाढायचे थांबतात. बहुतेक अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या पेशीवरच घाव घालतात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं पेशीभित्तिका बांधली जात असतानाच तिला मोडतात. बांधकामच बंद असेल तर मोडायचं काय? टोब्रामायसिन या अँटिबायोटिकला पेशीत शिरायला श्वसनातून मिळणारी ऊर्जा लागते, आणि प्राणवायू नसेल तिथे ते आतच जात नाही. बायोफिल्ममधल्या जिवाणूंना मारायला मोकळ्या जिवाणूंच्या १०० ते १००० पट औषध लागल्याचं प्रयोगशाळेत दिसतं.

हा प्रतिकार नव्हे. याला सहनशीलता म्हणतात. जिवाणूच्या जनुकांत काहीही बदललेलं नसताना तो केवळ परिस्थितीमुळे वाचतो. त्याला बाहेर काढून ताज्या माध्यमात वाढवला की पुन्हा त्याच औषधाने मरतो, म्हणून रिपोर्ट ‘सेन्सिटिव्ह’ येतो. खरा प्रतिकार नंतर येतो, आणि ही सहनशीलता त्याला वेळ मिळवून देते.

दुसरी भानगड नमुन्याची. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. एकाच माणसाच्या फुप्फुसात एकाच मूळ जिवाणूपासून निघालेल्या कितीतरी शाखा नांदत असतात. प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या फुप्फुसांचे वेगवेगळे भाग तपासले, तेव्हा वरच्या आणि खालच्या भागांतले जिवाणू वेगवेगळ्या वाटेने बदलत गेलेले आणि औषधांना वेगवेगळा प्रतिसाद देणारे आढळले. शिवाय नाकाभोवतीच्या सायनसमध्येही तोच जंतू वस्ती करतो. तिथे औषध नीट पोचत नाही, आणि फुप्फुस बऱ्यापैकी साफ झालं तरी तिथून पुन्हा बी पडतं. सुडोमोनास वारंवार उलटत असेल तर सायनसकडे लक्ष द्या, असं डॉक्टरांना जरूर सुचवा.

तेव्हा जुनाट संसर्गात रिपोर्टवरचा ‘सेन्सिटिव्ह’ हा शब्द अंदाजाला धरावा, हमी म्हणून नव्हे. ताप गेला, कफ कमी झाला, दम कमी लागतो, हे औषध उपयोगी पडल्याचं खरं माप.

प्रश्न : उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं शिकलो. मग ती एका माणसाच्या फुप्फुसात काही वर्षांत कशी घडते? (सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी)

हिशेब मांडून बघू. सुडोमोनास एरुजिनोसाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, साधारण ६३ लाख अक्षरांचा. विभाजन होताना एका अक्षराची नक्कल चुकण्याची शक्यता हजार कोटींत एक धरा. म्हणजे साधारण १६०० विभाजनांमागे एक चूक. म्हटलं तर अगदी क्षुल्लक. आता एका मिलिलीटरात १० कोटी जिवाणू आहेत. सगळे एकदा विभागले की सुमारे ६० हजार नव्या चुका तयार होतात. १० मिलिलीटर कफात ६ लाख. एका अक्षराचे शक्य बदल एकूण १ कोटी ९० लाख (६३ लाख अक्षरं, प्रत्येकाला तीन पर्याय). सगळे जिवाणू एका वेगाने विभागत नाहीत हे मान्य करूनही, काही आठवड्यांत असा प्रत्येक बदल कुठे ना कुठे एकदा तरी होऊन गेलेला असतो. हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा पक्का: जिवाणूला ‘योग्य’ म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बदलाची, वाट बघत बसावं लागत नाही. ते बहुधा आधीच हजर असतं.

टिकतात मात्र फार थोडी. बोस्टनमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या (कफ घट्ट करणारा आनुवंशिक विकार) १४ रुग्णांमध्ये पसरलेल्या बर्खोल्डेरिया डोलोसा या जिवाणूच्या ११२ नमुन्यांचे जीनोम वाचले गेले (२०११). १६ वर्षांच्या त्या नोंदीत वर्षाला सरासरी दोनच बदल साचत गेल्याचं दिसलं. हजारो घडतात, दोन उरतात. मधली सगळी गाळणी निवडीची आणि निव्वळ योगायोगाची.

निवड कोणती आणि योगायोग कोणता, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. अनेक रुग्ण घ्यायचे आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या जिवाणूंमध्ये तेच जनुक पुन्हापुन्हा बिघडतंय का ते बघायचं. डेन्मार्कमध्ये ३४ तरुण रुग्णांकडून घेतलेल्या ४७४ नमुन्यांवर हे केलं तेव्हा (२०१५) अशी ५२ जनुकं हाती लागली. योगायोगाने इतक्या वेळा तेच जनुक सापडत नाही.

या जनुकांची यादी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: जिवाणू नवं फारसं काही मिळवत नाही, जुनं टाकून देतो. फ्लॅजेलम, म्हणजे पोहण्याची शेपटी, जाते. जाड कफात पोहायचं कुठे, शिवाय आपल्या रोगप्रतिकारक पेशी याच शेपटीवरून त्याला ओळखतात. यजमान पेशीत विष टोचणारी सुई जाते. बाहेरच्या आवरणावरच्या साखरेच्या लांब साखळ्या जातात. स्वतः अमिनो आम्लं बनवण्याची क्षमतासुद्धा जाते, कारण कफात ती आयती मिळतात. एका रुग्णाच्या सहाव्या महिन्यातल्या आणि ९६व्या महिन्यातल्या नमुन्यांची तुलना २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यात ६८ म्युटेशन्स सापडली, आणि तीव्र आजाराला लागणारी कितीतरी जनुकं निकामी झालेली होती.

याचं कारण त्या जिवाणूच्या मूळ स्वभावात आहे. सुडोमोनास हा माती-पाण्यातला जीव. त्याच्याकडे साडेपाच हजारांवर जनुकं आहेत आणि त्यांतला मोठा वाटा इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्यांचा आहे. अशा एका नियंत्रक जनुकात एक अक्षर चुकलं की डझनावारी गोष्टी एकदम बदलतात. म्हणून सुरुवातीची काही वर्षं बदल झपाट्याने होतात, आणि मग वेग मंदावतो. डेन्मार्कमध्ये १९७३ पासून रुग्णारुग्णांतून फिरलेल्या एका वंशात हेच चित्र स्पष्ट दिसलं.

प्रश्न : या वेळच्या रिपोर्टवर ‘म्यूकॉइड सुडोमोनास’ असं आलंय. आधी नुसतं सुडोमोनास असायचं. हा नवा जंतू आहे का?

बहुधा जुनाच, वेष बदललेला. नेहमीची सुडोमोनासची कॉलनी सपाट, कडेने वेडीवाकडी, हिरवट झाक असलेली असते. म्यूकॉइड कॉलनी फुगीर, ओली, चकाकणारी. तारेच्या टोकाने उचलायला गेलं तर तार धरून लांब धागा निघतो. शेजारच्या कॉलन्या एकमेकींत मिसळून थाळीवर पाणी सांडल्यासारखं दिसतं. ही चिकटी म्हणजे अल्जिनेट नावाची साखळी-साखर.

बिघाड बहुतेक वेळा म्यूक-ए या जनुकात असतो. त्याच्यापासून बनणारं प्रथिन अल्जिनेटचा कारखाना दाबून धरतं. या जनुकात एका जागी ‘जी’ हे अक्षर लागोपाठ पाचदा येतं. सारखी अक्षरं ओळीने आली की नक्कल करताना घसरगुंडी होते आणि पाचाची चार होतात. तिथून पुढचा सगळा मजकूर एका घराने सरकतो, प्रथिन अर्धवट बनतं, दाब उठतो आणि अल्जिनेट वाहू लागतं. आपल्या पांढऱ्या पेशी जिवाणूवर जो हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा करतात, त्यानेही म्यूक-ए मधली म्युटेशन्स वाढल्याचं प्रयोगात दिसलं आहे. हल्ला परतवण्याची सोय त्या हल्ल्यातूनच झाली म्हणायची.

अल्जिनेटच्या आवरणामुळे पांढऱ्या पेशींना जिवाणू गिळता येत नाही आणि प्रतिपिंडं नीट चिकटत नाहीत. म्यूकॉइड रूप दिसणं म्हणजे संसर्ग मुरला असं बहुतेक डॉक्टर धरतात. त्यानंतर जंतू समूळ घालवणं हे उद्दिष्ट मागे पडतं आणि त्याची संख्या दाबून ठेवणं, कफ रोजच्या रोज काढणं, पुन्हापुन्हा होणारे भडके रोखणं यावर भर येतो. घाबरून जाण्यासारखं नाही. पण कफ काढण्याच्या व्यायामात आजवर चालढकल होत असेल तर ती आता परवडणारी नाही.

एक खुलासा. पुढच्या रिपोर्टात ‘म्यूकॉइड’ शब्द गायब झाला तर लगेच आनंद मानू नका. प्रयोगशाळेत एका थाळीवरून दुसरीवर वाढवताना हे जिवाणू अल्जिनेटचा खर्चिक धंदा पटकन सोडून देतात. पहिल्या थाळीवर काय दिसलं तेच खरं.

प्रश्न : मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जुनाट रुग्णांच्या कफात एकाच थाळीवर चार प्रकारच्या कॉलन्या दिसतात, काही अगदी टाचणीच्या टोकाएवढ्या. नेहमीच्या पद्धतीने काम करताना काय निसटतं?

बरंच निसटतं, आणि सगळ्यात जास्त घाईमुळे. क्रमाने बघू.

नमुना: सकाळी, पाण्याने चूळ भरून, खोल खोकून काढलेला. दोन तासांत लॅबमध्ये यावा. उशीर होणार असेल तर ४ अंशांवर. चिकट कफ तसाच थाळीवर ओढला तर एका गठ्ठ्यातलेच जिवाणू उगवतात. म्हणून त्याच्या बरोबरीने डायथायोथ्रायटॉलचं द्रावण घालून हलवून घ्या, सुमारे १५ मिनिटं ठेवा, मग लावा.

थाळ्या: ब्लड, मॅककाँकी आणि चॉकलेट तर हव्यातच. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाला बर्खोल्डेरिया सेपेशियासाठीचं निवडक माध्यम वेगळं लावा आणि ते पाच दिवस ठेवा. मॅककाँकीवर म्यूकॉइड सुडोमोनास त्याला पार झाकून टाकतो. बाकीच्या थाळ्या २४ तासांनी बघून टाकून देऊ नका, ४८ तासांनी आणि शक्य तर ७२ तासांनी पुन्हा बघा. फुप्फुसात मुरलेले जिवाणू मंद वाढतात, आणि जे मंद वाढतात तेच नेमके जुने रहिवासी.

ओळख: जुन्या सुडोमोनासला हिरवा रंग असेलच असं नाही, हालचाल असेलच असं नाही. आवरणावरच्या साखळ्या गेल्यामुळे सिरमशी जुळवायची चाचणीही गोंधळ घालते. काही कॉलन्यांवर तेलाच्या तवंगासारखी धातूची चमक दिसते आणि मधला भाग विरघळल्यासारखा होतो. ही लॅस-आर या जनुकाच्या बिघाडाची खूण. हे जनुक जिवाणूंना एकमेकांची संख्या ओळखून सामूहिक काम सुरू करायला मदत करतं. अशी चमक दिसली तर भेसळ समजून फेकू नका. ऑक्सिडेज करा, आणि मॅल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जंतू ओळखणारं यंत्र) उपलब्ध असेल तर प्रत्येक रूप त्यावर घाला.

टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलन्या: त्या स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या असू शकतात. को-ट्रायमॉक्साझोल दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णांत थायमिडिनवर अवलंबून असलेली रूपं निवडली जातात. औषध थायमिडिन, म्हणजे डीएनए बांधायला लागणारा घटक, बनवण्याची वाट अडवतं. या जिवाणूंनी ती वाट कायमची सोडलेली असते आणि कफातल्या मेलेल्या पेशींच्या डीएनएमधून आयतं थायमिडिन उचललेलं असतं. अडवायला वाटच नाही, मग औषध करणार काय? ब्लड अगारवर हे कसेबसे उगवतात, पण संवेदनशीलतेच्या म्युलर-हिंटन थाळीत थायमिडिन अगदी कमी असल्याने तिथे धड वाढत नाहीत. डिस्कभोवती भलंमोठं वर्तुळ दिसतं आणि रिपोर्ट खोटाच ‘सेन्सिटिव्ह’ जातो. थाळीभर जिवाणूंची हिरवळ नीट उगवली नसेल तर ते वर्तुळ मोजूच नये.

संवेदनशीलता: प्रत्येक रूपाची वेगळी करा आणि रिपोर्टवर वेगळी लिहा. म्यूकॉइड आणि मंद जिवाणूंसाठी आपोआप वाचणाऱ्या यंत्रावर विसंबू नका, कारण ती झटपट वाढ गृहीत धरतात. डिस्क किंवा ग्रेडियंट पट्टी लावा आणि पूर्ण २४ तास थांबा. डिस्कच्या वर्तुळात तुरळक कॉलन्या विखुरलेल्या दिसल्या तर टिपून ठेवा. पुढच्या पत्राचं उत्तर त्यांच्याविषयीच आहे.

प्रश्न : ‘हायपरम्युटेटर’ म्हणजे काय?

नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडलेला जिवाणू. बहुधा म्यूट-एस हे जनुक गेलेलं असतं, कधी म्यूट-एल. चुकांचा वेग शंभर पट किंवा त्याहूनही वाढतो. एरवी अशी पेशी तोट्यातच जाते, कारण बहुतेक चुका घातक असतात. पण औषधं, पांढऱ्या पेशी आणि प्राणवायूचा अभाव अशी संकटं पाठोपाठ येत असतील तर सुटकेचं म्युटेशन आधी यांच्याकडेच सापडतं, आणि त्या यशावर स्वार होऊन बिघडलेली यंत्रणाही पसरते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिस्टिक फायब्रोसिसच्या ३० रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांत असे सुडोमोनास सापडले. तीव्र संसर्गाच्या ७५ रुग्णांत एकही नाही. वर्तुळातल्या तुरळक कॉलन्या ही त्यांची घरगुती ओळख. अशा रुग्णाला एकट्या औषधावर ठेवणं धोक्याचं.

प्रश्न : जंतू विष सोडायचं थांबवतो, सौम्य होतो, असं वाचलं. मग त्याला राहू द्यायला काय हरकत आहे?

सौम्य होतो तो दुसऱ्या कुणात नवा, जोरदार आजार घडवण्याच्या बाबतीत. तुमच्या फुप्फुसाच्या दृष्टीने नव्हे. तिथलं मुख्य नुकसान जिवाणू स्वतः फारसं करत नाही. त्याच्यावर धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी करतात. त्या मरताना इलास्टेज हे विकर सांडतात, आणि ते श्वासनलिकेच्या भिंतीतले तंतू कुरतडतं. जिवाणू कितीही गरीब झाला तरी तिथे आहे तोवर पेशी येतच राहतात.

या ‘गरिबी’तही राजकारण आहे. कफात लोह मिळवण्यासाठी सुडोमोनास पायोव्हर्डीन नावाचा रेणू बाहेर सोडतो. तो लोह पकडतो आणि कोणीही शेजारी तो उचलू शकतो. काही पेशी पायोव्हर्डीन बनवणं सोडतात, दुसऱ्यांचं मात्र वापरत राहतात. असे फुकटे वाढून बनवणारे संपले की फुकट्यांना त्या रेणूचा ग्राहकही (तो रेणू आत घेणारं पेशीवरचं प्रथिन) निरुपयोगी होतो आणि तोही गळतो. डेन्मार्कच्या रुग्णांतल्या नमुन्यांत हा क्रम, आधी उत्पादन बंद आणि नंतर ग्राहक बंद, असाच दिसला. पुढे हे जिवाणू रक्तातल्या हीममधून लोह घ्यायला लागतात.

प्रश्न : टीबीचा जंतूही वर्षानुवर्षं फुप्फुसात राहतो. तोही असाच बदलतो का? त्यात चार-चार औषधं एकदम का देतात?

तो बदलतो, पण त्याची रीत निराळी. टीबीच्या जिवाणूचा जीनोम ४४ लाख अक्षरांचा. तो एकदा विभागायला १८ ते २४ तास घेतो आणि त्याच्यात साधारण दोन-तीन वर्षांत एक बदल साचतो. दुसऱ्या जिवाणूंकडून प्रतिकाराची जनुकं तो उसनी घेत नाही. त्याचा सगळा प्रतिकार स्वतःच्या म्युटेशन्समधूनच येतो, आणि म्हणूनच इथे गणित नेमकं लागू पडतं.

आयसोनियाझिडला दाद न देणारी पेशी साधारण १० कोटी विभाजनांत एकदा निपजते, रिफाम्पिसिनला दाद न देणारी हजार कोटींत एकदा. फुप्फुसातल्या एका पोकळीत १ कोटी ते १०० कोटी जिवाणू असतात. एकटं आयसोनियाझिड दिलं तर त्याला पुरून उरणारे काही तिथे आधीच बसलेले असण्याची शक्यता मोठी. दोन्ही एकदम दिली तर दोन्हींना पुरून उरणारी पेशी निपजण्याची शक्यता या दोन आकड्यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे व्यवहारात शून्य. ब्रिटनमधल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९४८ च्या चाचणीत एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलेले रुग्ण आधी सुधारले, पण पुढे कितीतरींच्या कफात त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू आले. १९५० मध्ये पॅराअमिनोसॅलिसिलिक आम्लाची जोड दिल्यावर हे प्रमाण खूप घटलं.

यातूनच उपचाराचा एक कडक नियम निघाला: चालू उपचार फसत असेल तर त्यात एकच नवं औषध कधीही घालू नये. जुन्या औषधांना जिवाणू आधीच सरावलेले असतील तर नवं औषध प्रत्यक्षात एकटंच लढतं आणि तेही हातचं जातं. मनाने दोन गोळ्या सोडून ‘सोसतात तेवढ्या’ घेणारे रुग्ण नकळत हेच करतात. गोळ्या सोसत नसतील तर डॉक्टरांना सांगा. त्यांतली एखादी गुपचूप वगळू नका.

सुडोमोनासला हे गणित थेट लागू होत नाही. त्याच्या बऱ्याचशा औषधांना प्रतिकार पायरीपायरीने येतो. मेक्स-झेड हे जनुक बिघडलं की पेशीतून औषध बाहेर फेकणारा पंप जास्त चालतो आणि टोब्रामायसिनची गरज काही पटींनी वाढते, एकदम शंभर पटींनी नाही. मग दुसरं म्युटेशन, मग तिसरं. कमी डोस, चुकलेला डोस, अर्धवट पोचलेलं औषध या पायऱ्या चढायला त्याला मदत करतात.

प्रश्न : सीओपीडीत (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट विकार) हिमोफिलस इन्फ्लुएंझा हा जिवाणू वारंवार निघतो. त्याचंही हेच का?

थोडं वेगळं. त्याच्या काही जनुकांच्या आधी सात अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. विभाजनाच्या वेळी या तुकड्यांची संख्या सहज वाढते किंवा घटते, आणि त्यानुसार पृष्ठभागावरचं चिकटण्याचं प्रथिन कमी-जास्त होतं. रुग्णांत काळ लोटेल तसे तुकडे वाढत जाऊन प्रथिन घटलेलं आढळलं आहे. प्रतिपिंडं ज्याच्यावर तयार झाली तेच त्याने आवरतं घेतलं.

प्रश्न : आईला रोज नेब्युलायझरवर औषधी मीठपाणी, दम्याचं औषध आणि टोब्रामायसिन सुरू केलंय. काय आधी, काय नंतर? आणि यंत्र कसं धुवायचं?

आधी श्वासनलिका रुंदावणारं औषध. त्यानंतर ३ ते ७ टक्क्यांचं मीठपाणी; पहिला डोस दवाखान्यात, फुंकून श्वास मोजून घ्यावा, कारण काहींची छाती आवळते. मग कफ काढण्याचे व्यायाम, निवांत, कफ सुटेपर्यंत. अँटिबायोटिक सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला तर महागडं औषध कफाच्या थरावर बसतं आणि पाच मिनिटांनी कफाबरोबर बाहेर पडतं. उरतं ते अर्धवट प्रमाणात, म्हणजे जिवाणूला पायरी चढायला सोयीचं.

टोब्रामायसिन सहसा ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, २८ दिवस चालू आणि २८ दिवस बंद. दोन डोसांत शक्यतो १२ तास, ६ तासांहून कमी नकोच. वाफेतून घेतल्यावर कफात त्याचं प्रमाण ग्रॅमला हजार मायक्रोग्रॅमच्या घरात जातं आणि रक्तात मात्र फार थोडं उतरतं, हा त्याचा फायदा. कफाने बुजलेल्या नळीत हवाच शिरत नाही, तिथे औषधही शिरत नाही. म्हणून व्यायाम हवेतच. डॉर्नेज अल्फा हे कफ पातळ करणारं औषध सिस्टिक फायब्रोसिसमध्ये उपयोगी आहे, इतर ब्राँकिएक्टेसिसमध्ये त्याने अपाय झाल्याचं चाचणीत दिसलं. शेजाऱ्याला गुण आला म्हणून आईला देऊ नका.

धुणं: प्रत्येक वेळी वापरल्यावर कप आणि तोंडी सुटे करा, साबणाच्या पाण्याने धुवा. मग निर्जंतुक करा: ५ मिनिटं उकळून, किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं बुडवून; अल्कोहोलनंतर निर्जंतुक पाण्यानेच खंगाळा, नळाच्या नको. यंत्राच्या पुस्तिकेत कोणती पद्धत चालते ते आधी बघा. व्हिनेगर पुरेसं पडत नाही. शेवटी हवेवर पूर्ण कोरडं होऊ द्या. ओल राहिलेला कप हे सुडोमोनासचं आवडतं ठिकाण, आणि नळी ओली राहिली असेल तर यंत्र नुसतं चालवून ती वाळवावी.

प्रश्न : आठवड्यातून तीनदा अझिथ्रोमायसिन लिहून दिलंय, पण ते सुडोमोनासवर चालत नाही असं लॅबवाले म्हणतात.

दोघंही बरोबर. नेहमीच्या चाचणीत ते त्याला मारत नाही. पण जिवाणूंचा आपसातला संकेत आणि अल्जिनेट त्याने मंदावतात, आणि शरीरातला दाहही उतरतो. भडके कमी होतात. सुरू करण्याआधी तीन गोष्टी झाल्या आहेत का ते विचारा: ईसीजी, ऐकू येण्याची चौकशी आणि कफाची क्षयेतर मायकोबॅक्टेरियासाठी (टीबीच्या जंतूच्या भाऊबंदांसाठी) तपासणी. ही शेवटची राहून जाते. ते जंतू आत असतील तर एकटं अझिथ्रोमायसिन घेत राहिल्याने त्यांना त्या औषधाची सवय लागते, आणि त्यांच्या उपचारातलं मुख्य शस्त्रच बोथट होतं.

प्रश्न : पहिल्यांदाच सुडोमोनास निघाला. त्रास काहीच नाही. थांबून बघावं का?

थांबू नका. पहिल्या महिन्यांत तो जिवाणू बहुधा नुकताच माती-पाण्यातून आलेला असतो: एकसारखा, मोकळा, आवरणाशिवाय, औषधांना बळी पडणारा. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये याच टप्प्यावर वाफेतून टोब्रामायसिन ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा २८ दिवस देऊन तो बहुतेकांत घालवता येतो. ब्राँकिएक्टेसिसमध्येही पहिल्या वेळी घालवण्याचा प्रयत्न करतात, औषधांची निवड डॉक्टरांनुसार बदलते. उपचारानंतर कफ पुन्हा तपासून तो खरोखर गेला का ते बघायचं, आणि पुढेही ठरावीक अंतराने तपासत राहायचं. वर्षभरात किमान तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा तोच जंतू निघाला तर ब्राँकिएक्टेसिसमध्ये संसर्ग जुनाट धरतात.

प्रश्न : घरातल्यांना लागण होईल का?

फुप्फुसं धडधाकट असतील त्यांना सहसा नाही. मात्र ज्यांना स्वतःलाच सिस्टिक फायब्रोसिस आहे त्यांनी एकमेकांपासून दोन मीटर लांब राहावं. रुग्णारुग्णांत पसरणारा एक वंश लिव्हरपूलमध्ये सापडल्याचं १९९६ मध्ये जाहीर झालं आणि त्यानंतर अशा रुग्णांना दवाखान्यातही वेगळं बसवायची पद्धत रुळली. फुप्फुसात आधीच सरावलेला जिवाणू तयार होऊनच येतो. त्याला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागत नाही.

प्रश्न : सिस्टिक फायब्रोसिसच्या नव्या गोळ्यांनी कफच पातळ होतो म्हणे. मग जंतू संपतील?

पहिली गोळी, आयव्हाकॅफ्टर, २०१२ मध्ये आली आणि तीन औषधांची एकत्रित गोळी २०१९ मध्ये. क्लोराइड वाहून नेणारं बिघडलेलं प्रथिन त्या सुधारतात. कफ उतरतो, फुप्फुसाची ताकद वाढते, जिवाणूंची संख्याही बरीच घटते. मात्र जुनाट संसर्ग असलेल्या बऱ्याच जणांत तोच जुना वंश कमी संख्येने टिकून असल्याचं आढळलं आहे. आणखी एक व्यावहारिक अडचण: गोळ्या सुरू झाल्यावर कफच पडत नाही, म्हणून नमुना मिळत नाही. अशा वेळी मीठपाण्याची वाफ देऊन कफ काढून घ्यावा. घशाच्या पुसण्यावर (स्वॅबवर) भागवलं तर खालच्या नळ्यांतला जंतू निसटू शकतो.